नववा तास

शाळेचे तास आठ. नववा आम्ही तिघांनी काढला,
कोपरखैरण्याला, दुसऱ्या मजल्यावर,
क्रीडासाहित्याच्या खोलीत, जिथे भिंतीला टेकवलेल्या गाद्या
प्रतिध्वनी पितात आणि घामाचा वास परत देतात.

पंखा बंद. पंखा माईकला विमानासारखा ऐकू येतो.
खालून ट्रक गेला की कोपऱ्यातल्या लेझमी
आपल्याआपण अंग झटकतात,
तांडेल सर हात वर करतात,
आणि मी शिलाहारांना अर्ध्या वाक्यात उभं ठेवून थांबतो.

दहा भाग झाले होते. ऐकणारे एकशे बारा,
त्यातले चाळीस तरी आम्हीच, पुन्हा पुन्हा.
नववी ब मला दीडपट वेगाने ऐकते, असं कळलं.
त्या वेगात म्हणे सर कमी रागावलेले वाटतात.

अकरावा भाग: आपलं शहर.
मी लिहून आणलं होतं, चांगलं घोटून:
'खाडीकाठच्या ओसाड दलदलीवर एक नवे शहर वसले.'
वाचलं. लेझमी गप्प होत्या. पहिल्याच फटक्यात जमलं.
रझिया मुकादमने मात्र हेडफोन काढला.
मराठी शिकवते ती, आणि व्याकरणात कुणाची गय करत नाही.
'वसले' अकर्मक आहे, सर, म्हणाली.
पान गळलं, दूध नासलं, शहर वसलं.
कुणी, हे विचारायची सोयच नाही त्यात.
'वसवले' म्हणा. मग पोरं विचारतील.

वसवले. म्हणून पाहिलं. जीभ अडखळली.
मी माणदेशचा. खाडी पाहिली ती नेमणुकीचं पत्र खिशात असताना.
मला इथले सेक्टर आधी पाठ झाले, गावं नंतर,
आणि तीही सगळी नाहीत.

दारात चांगुणाबाई मढवी,
खिचडीचं पातेलं घासून ओल्या हातांनी
किल्ली मागायला आलेली, किती वेळ उभी कोण जाणे.
'ओसार?' ती म्हणाली. 'कोनी सांगला तुमाना ओसार?'

मग उंबऱ्यातूनच बोट फिरवत गेली:
पाण्याच्या टाकीखाली उघाडी,
मॉलच्या पार्किंगात सासऱ्याची कोंडी,
नववी बच्या खिडकीखालून बांध,
त्यावरून ती नवरी होऊन आली,
पायी, घाईघाईत, भरती चढायच्या आत.
मी सन विचारला. सवय.
'सन? मिठागर गेला तवा माजा नाथा रांगत व्हता.'

तांडेल सरांनी लाल बटण कधी दाबलं, दिसलं नाही.
मी विचारलं, शेवटचं मीठ कुणी भरलं?
तिने तोंड उघडलं, मिटलं.
हातातल्या बादलीतून पाणी ठिबकत राहिलं.
एक ट्रक गेला. लेझमी हलल्या.
कुणी हात वर केला नाही.

रात्री संगणकावर ती जागा सपाट रेघ होऊन आली.
सतरा सेकंद, दोनच बारीक काटे: ट्रक, लेझीम.
सॉफ्टवेअरने ती पिवळी करून विचारलं,
शांतता काढून टाकायची?
तांडेल सर गणिताचे, त्यांना बाकी शून्य लागते.
दिवाळ्याचे ते, घरात अजून जाळी विणतात.
कर्सर तिथे ठेवून ते बराच वेळ बसले.
'असू दे,' म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.

सोमवारी नववी बमध्ये पहिली तक्रार:
सर, मध्ये तुमचा आवाज गेला होता.
गेला नव्हता रे, मागून कुणीतरी, नीट ऐक, पाणी गळतंय.
दीडपट वेगातही ते अकरा सेकंद
त्यांना कुठे पळवता आले नव्हते.

ज्या प्रश्नाची मी तयारी करून गेलो होतो
तो कुणीच विचारला नाही.
उत्कर्षा तेवढी उठली, वही उघडी:
पार्किंगमध्ये कुठे, सर? लिफ्टच्या अलीकडे की पलीकडे?

मला माहीत नव्हतं.
खडू ठेवला, आणि वर्ग तसाच सोडून
खिचडीच्या वासामागे जिना उतरत गेलो.